गुढियारीचा महाप्रसाद

वनमालाला रायपुरात येऊन पुरता एक दिवसही झाला नव्हता. सामानाच्या पेट्या अजून दोरीसकट पडल्या होत्या, आणि शेजारच्या भिंतीवरून एक झाकलेली वाटी पुढे आली. वाटीमागे हात आणि हातामागे साठीचा एक हसरा चेहरा.

"नवीन आले ना? पाटीवर देवतळे वाचलं, म्हटलं आपल्या इकडचेच आहेत. हे घ्या, अन् मी काय सांगते ते ऐकून ठेवा. हे गाव लय सोपं आहे, पण सांगणारं कोनी भेटलं तं."

या कमलाबाई. त्यांचे आजेसासरे भंडाऱ्याकडून रेल्वेच्या कामावर इकडे आले. नवरा भैय्यालाल रेल्वेतूनच निवृत्त झाला. तीन पिढ्यांत या घराने रायपूरविषयी जे काही गोळा केलं, ते सगळं कमलाबाईंच्या जिभेवर होतं, आणि कुणी विचारो न विचारो, त्या ते वाटत. रिक्षावाल्याला रस्त्याचं नाव सांगायचं नाही, तळ्याचं सांगायचं; इथे माणसं तळ्यांवरून घरं ओळखतात. वस्तीला पारा म्हणतात, तेव्हा कुणी 'कोनसा पारा' विचारलं तर त्याचं डोकं तापलंय असं समजायचं नाही. भाजी म्हणजे फक्त पालेभाजी. उन्हाळ्यात रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांद्याबरोबर खायचा, त्याला बासी म्हणतात, आणि नाक मुरडायचं नाही. पंडरीत कापड घ्यायला गेलं तर रस्त्यावरच्या काचेच्या दुकानात शिरायचं नाही, मागच्या गल्लीतला जिना चढायचा. एखादा रविवार मोकळा सापडला तर राजिमला जायचं, तिथे तीन नद्या मिळतात. आणि सगळ्यांच्या आधी शिकायचा शब्द म्हणजे 'हव'.

"हव म्हंजे हो," कमलाबाई म्हणाल्या. "आपल्याले ऐकू येते हवं, म्हंजे पाहिजे. मी लगन होऊन आली तं भाजीवालीले विचारलं, ताजी आहे का? ते म्हणे, हव. म्या म्हटलं, तुले कायले हवं, घेनारी तं मी आहो. दोघी भांडून राहिलो, अन् हे आमचे बाजूले उभे राहून हसून राहिले."

वनमाला हसली नाही. फुकट सल्ला देणाऱ्या माणसाचा तिला पहिल्यापासून संशय. चांदूरबाजारची पोर लग्न होऊन भोपाळला गेली, तिथे सरकारी क्वार्टरमध्ये अठरा वर्षं काढली, आणि त्या अठरा वर्षांत तिने एकच गोष्ट पक्की केली: माणूस गोड बोलायला लागलं की त्याचा हात कुठे आहे ते आधी बघायचं. वाटीत डाळीचे वडे होते. ते तिने मोलकरणीला दिले. तेल जड दिसतं, असं मुलीला, स्नेहलला सांगितलं. कमलाबाईंच्या ओसरीवर बुद्धाची तसबीर दिसली होती, हे खरं कारण तिने स्वतःशीसुद्धा मोठ्याने म्हटलं नाही. वाटी मात्र रिकामी दिली नाही, साखर घालून परत केली. रीत ती रीत.

पुढे पंडरीत मागच्या गल्लीतला जिना चढल्यावर दुकानदार म्हणाला, "कमला दीदी ने भेजा होगा." झालं. वनमालाने तिथल्या तिथे ठरवलं की बाईचं या दुकानाशी साटंलोटं आहे. कापड चांगलं निघालं, रंग गेला नाही, तरी तिचं मत गेलं नाही.

पण कमलाबाईंवरचा संशय हा आपला तोंडी लावण्यापुरता. खरा संशय घरातच होता.

नोव्हेंबरात नवं राज्य झालं आणि भोपाळच्या कचेऱ्यांतली माणसं फायलींसारखी वाटली गेली. यशवंतराव रायपूरच्या वाट्याला आले. नवं मंत्रालय जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरायचं. त्यांचं टेबल लागलं ते पूर्वीच्या एका वॉर्डात. स्नेहलची दहावी होती, म्हणून वनमाला भोपाळलाच थांबली. आठ महिने नवरा एकटा. सुरुवातीला त्यांनी स्टेशनापलीकडे गुढियारीत खोली घेतली होती, कारण शंकर नगरात राजधानी आल्या-आल्या घरं मिळेनाशी झाली होती. जूनमध्ये बायको-मुलगी आल्या तेव्हा शंकर नगरात हे अर्धं घर मिळालं.

आठ महिन्यांनी भेटलेला नवरा वनमालाला ओळखू येईना. वाळला होता, ते एक वेळ समजू. पण ज्या माणसाला भोपाळात पोळी दोन्ही बाजूंनी फुगलेली लागायची, तो सकाळी कालचा भात पाण्यात कालवून कांदा फोडून खायला लागला होता. "कुणी शिकवलं हे?" तिने विचारलं. "सगळेच खातात इथे," असं म्हणून ते ताटाकडेच बघत राहिले. दर रविवारी सकाळी पिशवी घेऊन गुढियारीला जायचे, तांदूळ चांगला मिळतो म्हणून. दुपारी तांदूळ घेऊन यायचे खरे, पण जेवायला बसायचे नाहीत. पोट भरलेलं असायचं. तांदळाच्या दुकानात जेवण कधीपासून मिळायला लागलं, हे वनमालाला कळेना.

आणि मग त्यांच्या ट्रंकेत, लोकरी स्वेटराच्या घडीत तिला एक पुरचुंडी सापडली. लाल फडक्यात बांधलेले चार वाळके, कडक भाताचे दाणे. नुसते दाणे. ती बराच वेळ ते तळहातावर घेऊन बसली. कुणी मंतरून दिले? कुणाकडून घेतले? पुरुष माणूस स्वेटरात भात लपवून ठेवतो, याचा चांगला अर्थ तिला एकही सुचला नाही. तिने पुरचुंडी होती तशी ठेवली आणि तेव्हापासून डोळे उघडे ठेवले.

भाद्रपद लागला होता. एका मंगळवारी दुपारी फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. तिशी-पस्तिशीची, पोटरीपर्यंत लुगडं, पायात चांदीचे जाड तोडे, काखेत लाल भाजीची जुडी.

"महाप्रसाद घर म हे का?" तिने विचारलं.

आता वनमालाच्या कानाला महाप्रसाद म्हणजे देवळातली पंगत. गणपतीचे दिवस, कुणीतरी जेवण शोधत आलं असेल, असं तिला वाटलं. "यहाँ कोई प्रसाद नहीं है. मंदिर आगे है."

बाई गोंधळली. "नइ दीदी. इहाँ के साहब."

वनमाला पायरी उतरून खाली आली. "साहब को जानती हो?"

"हव."

"अच्छा. तो नाम बताओ साहब का."

बाईने पदराचं टोक दातात धरलं. मान खाली घातली, आणि अगदी हळू आवाजात, लाजून म्हणाली, "नाँव नइ लेवन दीदी."

नाव घेत नाही.  वनमालाच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तिने स्वतः यशवंतरावांचं नाव कधी तोंडाने उच्चारलं नव्हतं. रेशनकार्डाच्या रांगेतही स्नेहलकडून सांगायला लावलं होतं. असा पदर दातात धरून, अशी मान घालून बाई कुणाचं नाव टाळते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

बाई आणखी काही सांगू पाहत होती. "ओखर तबियत..." एवढं तिच्या तोंडून निघालं. पण वनमालाने फाटक लावून घेतलं. भाजीची जुडी बाईने फाटकाच्या दांड्यावर ठेवली आणि ती गेली. वनमालाने जुडी गाईला घातली.

संध्याकाळी ती भिंतीशी गेली. कमलाबाई पलीकडे ओट्यावर मिरच्या निवडत होत्या. वनमालाला विचारायचं होतं एक. पण शेजारणीसमोर स्वतःच्या घराची लाज कोण उघडी करतं? शिवाय या बाईचं काय, ती पंडरीपर्यंत बातमी पोचवील. म्हणून तिने प्रश्न फिरवून घातला.

"कमलाबाई, इकडच्या बाया नवऱ्याचं नाव घेतात हो?"

"न्हाई वं. आपल्यासारख्याच. मरून जातीन पण नाव नाही घेनार." कमलाबाईंनी मान वर केली. "काहून विचारून राहिली?"

"असंच. अन् इकडं एका बायकोवर दुसरी..."

"चुडी घालते ना मानूस. लग्नाचा खटाटोप नाही, भटजी नाही. बाईच्या हातात चुड्या घातल्या, घरी आनली, झालं. पाऱ्यात सारे मानतात तिले." मग त्यांनी मिरच्या बाजूला ठेवल्या. "वनमाला, तुले काही झालं का? काही ऐकलं का कोनाकडून? सरळ विचार ना मले."

"मले काय होते," वनमाला म्हणाली आणि घरात आली.

रात्री जेवताना तिने नवऱ्याला विचारलं, "लाल भाजीवाली एक बाई आली होती, साहेब आहेत का म्हणत. कोण ती?"

यशवंतरावांचा घास हातात राहिला. "काही म्हणाली का?"

"मी विचारते, कोण ती?"

"असंल... ऑफिसातल्या चपराशाची बायको." आणि त्यांनी वरण मागितलं, वाटीत वरण असताना.

त्या एका वाटीने वनमालाचं सगळं पक्कं झालं. ती रडली नाही, भांडलीही नाही. भांडून नवरा कबूल होईल आणि कबूल झाला की घर फुटेल, याची तिला भीती वाटत होती. खरं सांगायचं तर संशयापेक्षा ती भीतीच मोठी होती. तिने मनाशी एवढंच ठरवलं की यापुढे या माणसाला गुढियारीची वाट दिसू द्यायची नाही. महिना-दोन महिने वाट बंद पडली की ती बाई आपोआप विसरेल. त्या रविवारी तिने पडद्यांच्या कापडाचं निमित्त काढलं, आणि यशवंतरावांना पंडरीच्या जिन्यांवरून दिवसभर वर-खाली फिरवलं. ते दोनदा म्हणाले, "मला जरा गुढियारीला डोकावून यायचं होतं, तासाभरात येतो." दोन्ही वेळा तिने त्यांच्या हातात कापडाचं गाठोडं दिलं. पैठणीपेक्षा जास्त पारखून तिने त्या दिवशी पडदे घेतले.

पुढच्या शनिवारी दिवेलागणीला दार वाजलं. यशवंतराव मागे न्हाणीघरात होते, पाण्याचा आवाज येत होता. दारात एक म्हातारी उभी होती. दूरवरून चालत आल्यासारखे तिचे पाय धुळीने भरले होते आणि डोळे लाल होते.

"गुढियारी ले आए हँव, बेटी," ती म्हणाली. "तोर घर के साहब ल बता देबे, ओखर महाप्रसाद नइ रहिस. काली बिहनिया दस बजे."

वनमाला दारातच उभी राहिली. तीन महिन्यांत कानाला इथली बोली थोडी बसली होती, शब्द सगळे समजले. तुझ्या घरच्या साहेबांना सांग, त्यांचा महाप्रसाद राहिला नाही. उद्या सकाळी दहा. आता महाप्रसाद राहिला नाही म्हणजे संपला. आणि संपला तर उद्या दहाला कशाला बोलावताय? ती बाई आली तीही महाप्रसाद म्हणतच आली होती. म्हणजे हा यांचा आपसातला शब्द. दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून ठरवलेला. आणि निरोप आणायला म्हातारी पाठवली, म्हणजे बायकोला संशय नको. वाहवा, तिला वाटलं, काय हुशारी आहे. म्हातारीचे लाल डोळे तिला दिसले होते, पण त्याचं कारण तिने चुलीच्या धुरावर टाकलं.

"बता देबे न, बेटी?" म्हातारीने पुन्हा विचारलं.

"हव," वनमाला म्हणाली. कमलाबाईंनी शिकवलेला शब्द तिने पहिल्यांदाच वापरला होता. म्हातारीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती अंधारात निघून गेली.

"कोण होतं?" यशवंतरावांनी न्हाणीघरातून विचारलं.

"कोणी नाही. पत्ता चुकलेली बाई."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिने घर उठवलं. राजिमला जायचं. कमलाबाई तीन महिने सांगताहेत, तीन नद्या मिळतात, बघण्यासारखं आहे. स्नेहल डोळे चोळत म्हणाली, "मम्मी, अचानक क्या हो गया आपको?" यशवंतराव घड्याळाकडे बघत राहिले. पण बायकोने स्वतःहून फिरायला चल म्हणण्याची गोष्ट त्यांच्या संसारात नवी होती, त्यांना नाही म्हणवेना. दहा वाजता ते तिघे बसमध्ये होते. वनमालाने स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि तिला आत कुठेतरी जिंकल्यासारखं वाटलं.

राजिमला नदीला पाणी होतं, काठाला होड्या होत्या. देऊळ पाहिलं, पुरी-भाजी खाल्ली. काठावर एक डोकं तासलेला माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून मडक्यातल्या अस्थी सोडत होता. यशवंतराव त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग स्नेहल होड्यांकडे गेल्याचं पाहून म्हणाले, "वनमाला, तुला एक सांगायचं आहे. फार आधीच सांगायला पाहिजे होतं. गुढियारीत..."

"आज नाही," ती म्हणाली.  कबुली आता येतेय आणि ती आली की परत घेता येणार नाही, एवढंच तिला दिसत होतं. "आज चांगला दिवस गेला. तो राहू द्या."

"बरं. मग पुढच्या रविवारी तूच चल माझ्याबरोबर. तिथेच सांगतो." असं म्हणताना त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला, की वनमालाला क्षणभर काहीच कळेनासं झालं.

सोमवारी दुपारी एक वाजता यशवंतराव ऑफिसातून घरी आले. वनमालाने दार उघडलं आणि ती मागे सरली. त्यांनी डोकं तासलं होतं. मिशा काढल्या होत्या. कपडे ओले होते.

वऱ्हाडातल्या बाईला याचा अर्थ विचारावा लागत नाही. यशवंतरावांचे वडील कधीच गेलेले. एक थोरला भाऊ होता अमरावतीला. "दादा?" ती म्हणाली. 

"दादा बरे आहेत." ते ओसरीवरच बसले. "माझा महाप्रसाद गेला, वनमाला. गुढियारीचा. शनिवारी दुपारी. बरं नव्हतं तरी कामावर गेला, पोती उतरवता उतरवता छातीत कळ आली."

तिने पाणी आणलं. ते प्यायले नाहीत, आणि मग सगळं सांगत गेले. फेब्रुवारीत त्यांना कावीळ झाली. गुढियारीच्या खोलीत डोळे पिवळे करून एकटे पडले होते. मागच्या खोलीतला नत्थू, धान्याच्या गोदामातला हमाल, त्याने आणि त्याच्या बायकोने, कौशल्याने, बावीस दिवस त्यांना सांभाळलं. भाताची पेज, उसाचा रस, अंग पुसणं, सगळं. "तुला कळवलं असतं तर तू पोरीची परीक्षा सोडून धावत आली असती. आणि नंतर सांगायचं तर तू पहिलं विचारलं असतं, कुणाच्या हातचं खाल्लं. मला तुझं तोंड वाकडं झालेलं बघायचं नव्हतं. माझीच चूक आहे." बरे झाल्यावर नत्थूच्या आईने पुरीहून आणलेला जगन्नाथाचा भात काढला. पाऱ्यातल्या लोकांसमोर दोघांनी एकमेकांच्या तोंडात घातला, उरलेले चार दाणे फडक्यात बांधून जपून ठेवले. तेव्हापासून ते एकमेकांचे महाप्रसाद. रक्ताच्या भावाहून जवळचे. जन्मात एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, बायकांनीही नाही. एक गेला तर दुसऱ्याने सुतक धरायचं, डोकं भादरायचं, खांदा द्यायचा.

"खांदा," यशवंतराव म्हणाले. "काल सकाळी दहाला उचलायचं होतं त्याला. माझी वाट बघून साडेअकरापर्यंत थांबले होते. आणि मी राजिमला पुरी खात होतो." त्यांनी ओल्या बाहीने तोंड पुसलं. "त्याची बायको म्हणते, निरोप पाठवला होता. कोणाकडे दिला आणि कुठे हरवला, देव जाणे. आज ऑफिसात एकाने सांगितलं तेव्हा कळलं. तळ्यावर तिसऱ्या दिवसाची अंघोळ चालली होती, तिथे जाऊन बसलो."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. त्या नजरेत दुःख होतं, थकवा होता. संशयाचा कणही नव्हता. आयुष्यभर इतक्या लोकांवर संशय घेतलेल्या वनमालाला, कुणीतरी आपल्यावर घ्यावा असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. तो कुणी घेतला नाही. "विसावा घ्या," एवढंच ती म्हणू शकली.

ती भिंतीशी गेली नाही, फाटकातून फिरून कमलाबाईंच्या ओसरीवर जाऊन बसली, आणि सरळ विचारलं, "महाप्रसाद म्हंजे काय हो?"

कमलाबाईंनी सांगितलं. भैय्यालालचाही एक महाप्रसाद होता, गोंडांपैकी, तो गेला तेव्हा भैय्यालालनेही डोकं भादरलं होतं. इथे असंच असते. जात न पाहता जोडतात अन् मेल्यावरही तोडत नाहीत. सांगता सांगता त्यांना वनमालाचा चेहरा दिसला, आणि शेजारच्या घरातल्या तासलेल्या डोक्याची बातमीही तोवर भिंत ओलांडून आली होती.

"तू मले त्या दिवशी नावाचं विचारलं," त्या हळूच म्हणाल्या. "म्या नवऱ्याचं सांगतलं. तू महाप्रसादाचं विचारून राहिली होती, अन् मले काय माईत? सरळ काहून नाही विचारलं, पोरी?"

 कमलाबाईंनी पुढे केलेला पाण्याचा पेला वनमालाने दोन घोटात संपवला. त्या घरचं पाणी आपण आज पहिल्यांदा प्यायलो, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. कमलाबाईंच्या मात्र आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती यशवंतरावांबरोबर गुढियारीला गेली. कमलाबाई बरोबर आल्या. बायांमंधी एकटी पडशीन म्हणाल्या, बसायचं कसं, बोलायचं काय, सांगनारं कोनी पाहिजे. रिक्षात त्यांनी सगळं समजावलं. घरात गेल्यावर त्याचं नाव घ्यायचं नाही. रडू आलं तर रडायचं. पाणी दिलं तर घ्यायचं.

घर म्हणजे एक खोली आणि पुढे पडवी. कौशल्या भिंतीला टेकून बसली होती. हातातल्या चुड्या नव्हत्या, पायातले चांदीचे तोडेही नव्हते. वनमालाला पाहून तिने नेहमीच्या सवयीने पदर पुढे ओढला, आणि हात धरून शेजारी बसवलं. फाटक तोंडावर लावल्याचं तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. पितळी लोट्यातून पाणी आलं. वनमाला प्यायली.

पडवीच्या कोपऱ्यात, नत्थूच्या आईशेजारी, शनिवारची म्हातारी बसली होती. तिने वनमालाकडे पाहिलं, नीट पाहिलं. वनमालाने नजर खाली घेतली. तेवढ्यात यशवंतराव पडवीतल्या माणसांना पुन्हा तेच विचारत होते, निरोप घेऊन कोण गेलं होतं, कुठे गेलं होतं.

म्हातारी बोलली. "सनिच्चर के संझा में गे रेहेंव. घर म तारा लगे रहिस."

शनिवारी संध्याकाळी मी गेले होते. घराला कुलूप होतं. वनमालाला समजलं; तिची खाली गेलेली नजर पाहून कमलाबाईंनाही समजलं, त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हलकेच दाबला. या अनोळखी बाईने भरल्या घरात वनमालाची अब्रू झाकली होती, कारण महाप्रसादाची बायको म्हणजे घरचीच, आणि घरच्या माणसाला चारचौघांत उघडं करत नाहीत. आता नुसतं गप्प बसायचं होतं. मान हलवली असती तरी भागलं असतं.

पण यशवंतराव हिशेबी मनाचा माणूस.  "शनिवारी कुलूप? शनिवारी संध्याकाळी तर आम्ही घरीच होतो. मी अंघोळ करत होतो." मग ते हळूहळू बायकोकडे वळले. तासलेल्या डोक्याखाली त्यांचा चेहरा लहान आणि उघडा दिसत होता. "तू म्हणालीस, पत्ता चुकलेली बाई आली होती. ती हीच का? निरोप तुला दिला होता?"

 कौशल्याने पदर बाजूला केला आणि तीही पाहू लागली. वनमालाने म्हातारीच्या धुळीने भरलेल्या पायांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"हव," ती म्हणाली.